बारा आडवा

"हॅलो?… हो, डोरीन, मीच. या घरात मी आणि पिप, आणि मांजर फोन घेत नाही… कोडं समोरच आहे. कुठे अडलीस?… बारा आडवा. वाच… 'थोडंथोडं जातं, कळतं उशिरा.' तीन अक्षरं… नाही, 'तारुण्य' नाही. उभ्या शब्दातून पहिलं अक्षर 'क्ष' आलंय, नीट बघ… मी? मी सकाळीच भरलं. पेनाने… सांगणार नाही. उत्तर सांगायचं नाही, हा आपला नियम बाबांपासूनचा आहे."

हेस्टरने टोस्टवर मार्मालेड कडेपर्यंत सारखे पसरले. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील शाळेत तिने आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवले होते. अर्धवट उत्तराला अर्धे गुण देणे तिला कधी जमले नाही.

"अगं, अर्थ नीट बघ. झिजतो तो बुटाचा तळवा. गंजतं ते लोखंड. हे जमिनीचं होतं, खडकाचं, वाऱ्यापाण्याने… हो, आमच्या कड्याचं. तू तिथेच येणार हे मला ठाऊक होतं… आला होता ना नगरपालिकेचा माणूस. घर सोडा म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि आलेख दाखवला… अगं ऐक ना. समुद्र दर वर्षी सरासरी किती आत येतो, ते मी स्वतः मोजते. त्या हिशोबाने आधी मी जाईन, मग घर… माझ्यासाठी तुझी मागची खोली रिकामी केलीस? पडदेही लावलेस? कसले?… फुलाफुलांचे. मग तर विषयच संपला… रागावले नाही गं. पण मी काळजीपोटी घर सोडत नाही, पुरावा लागतो… थांब. कसला तरी आवाज झाला… फोन ठेवू नकोस. बघून येते."

खिडकीबाहेर गुलाबाचे झुडूप होते. त्यामागे अवजारांची शेड असायची. आता तिथे समुद्र होता.

"…आहेस ना? शेड गेली… सगळी. गवत कापायच्या यंत्रासकट… मी ठीक आहे. पिप पायाशी आहे… सरासरी? सरासरी बरोबरच आहे, डोरीन. कडा सरासरीने पडत नाही, एवढंच. वर्षानुवर्षं काही नाही, आणि मग एका सकाळी ढीगभर. दर वर्षी मीच हे फळ्यावर लिहायचे… हस. तुझा हक्कच आहे… गाडी घेऊन येतेस? हो… हो म्हटलं ना. पिपसाठी टोपली आण… पडदे राहू देत… नाही, उत्तर आजही सांगणार नाही. येताना विचार कर… अगं, बागेच्या टोकाचा टेलिफोनचा खांब जरा कललाय. हा कोन मला आवडत नाही… डोरीन? ऐकू येतं का तु…"

फोन मुका झाला.

हेस्टरने कोट चढवला, पिपला काखेत घेतले आणि ती दाराशी जाऊन परत फिरली. टेबलावरचे कोडे पूर्ण सुटलेले होते, फक्त बारा आडव्याचे शेवटचे दोन चौकोन सकाळपासून कोरे होते. तिने उभ्या उभ्याच 'क्ष'च्या पुढे 'र' लिहिला, 'ण' लिहिला, पेनाला टोपण लावले आणि दार ओढून घेतले. कुलूप मात्र लावले नाही.