गोठ्यातलं पेव

सहादेव : दोर सोड आधी. कमरेचा दोर सोड म्हनतो ना!

सुनील : नाना, पाच मिनिटांचं काम हाय. आत उतरतो, टेप लावतो, वर येतो. पेव बुजवायला किती ट्रॉल्या मुरूम लागंल, ते कळाया नको?

सहादेव : वरनं काठी सोडून मोज की.

सुनील : काठीला खोली कळंल. तोंड घागरीगत बारीक आन् आत पोट किती सुटलंय, ते कसं कळनार? अंदाजानं भरलं तर उद्या वरचा कोबा खचंल. आठ जर्शी गाई बांधायच्यात मला इथं.

जया : मीच म्हनले त्याला, भावजी. बुजवायचंच तर नीट बुजव.

सहादेव : वहिनी, तुमी सुदिक? दगड कवा काढला ह्यानं?

जया : झाला असंल घंटाभर. पहारीनं उचकटला.

सहादेव : आन् मला सांगितलं न्हाई.

जया : तुमी ह्या गोठ्यात पाऊल टाकत न्हाई. तुमाला काय सांगायचं?

सुनील : नाना, गोठा पाडत न्हाई मी, काळजी करू नका. दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. मे महिन्यात पंखा लागत न्हाई. पत्र्याच्या शेडात गाई नुसत्या धापा टाकतात. गव्हाणी, खुंटे, समदं ठिवनार हाय. फक्त हे भोक तेवढं नको.

सहादेव : भोक म्हनू नको. तुझ्या पंजोबानं खांदलंय ते. दसरा झाला की आमी गाड्या जुपून ऊसतोडीला जायचो. सहा महिने घराला कुलूप. मग बाजरी ठिवायची कुठं? आतनं कडबा आन् लिंबाचा पाला लावायचा, धान्य भरायचं, वर दगड, त्याच्यावर चिखल आन् शेणाचं सारवण. चोर येऊन वर झोपला तरी त्याला पत्ता लागायचा न्हाई.

सुनील : ऐकलंय, नाना. शंभरदा ऐकलंय. माघारी आल्यावर दगड काढायचा, एक दिस उघडं ठिवायचं, मग कंदील सोडायचा. इझला तर उतरायचं न्हाई.

सहादेव : माहीत हाय, तरी उतरतोस?

सुनील : आता कंदील हाय कुनाच्या घरात? ही मोबाईलची बॅटरी बघा. तळ कसा लख्ख दिसतोय. कडंला जुनी बाजरी पन दिसती, काळी पडलेली.

जया : ती तशीच ऱ्हायली. त्या दिसानंतर कुनी हात लावला न्हाई तिला.

सुनील : बाबा इझलेला कंदील बघूनशान उतरले. मी तसला येडा न्हाई.

जया : येडे नव्हते रे. उतावळे हुते. दुसऱ्या दिवशी तुझं बारसं, घरात पिठाला दाना न्हाई. भावजी नको नको म्हनत हुते, ऐकलं न्हाई. तू बी त्यांच्याच वळनावर गेलास.

सुनील : बरं, गेलो. नाना, दोर धरा.

सहादेव : त्याला बी तळ दिसत हुता.

सुनील : कुनाला?

सहादेव : दादाला. तुझ्या बापाला. असाच लख्ख.

जया : कंदील इझल्यावर कसा दिसंल, भावजी?

सहादेव : कंदील नव्हताच, वहिनी.

जया : काय म्हनला?

सहादेव : कंदिलात घासलेट नव्हतं. दादा म्हनला, सहादू, वाण्याकडनं घेऊन ये. जाऊन यायला घंटा लागला असता. आन् मला जत्रंला जायचं हुतं, कुस्त्यांना. माझी जोड लागली हुती. म्हनलं, बॅटरी हाय की आपली, दोन सेलाची. आत उजेड मारला. म्हनलं, दादा, बघ, समदं दिसतंय, हो खाली. माझ्या भरवशावर उतरला तो. बॅटरी इझत न्हाई, सुनील. आतली हवा कसली बी असू दे, ती जळतच ऱ्हाती. एवढं मला कळलं न्हाई त्या दिशी.

जया : मग लोकांना ते समदं...

सहादेव : आमचा बाप, आबा, पळत आलं. पयलं हेच इचारलं, कंदील सोडला हुता का? माझ्या तोंडातनं निघून गेलं, सोडला हुता, इझला, तरी दादा ऐकला न्हाई. एकदा बोललो, मग मागं घ्यायची छाती झाली न्हाई. आज ह्यो उतराया निघाला नसता तर आज बी बोललो नसतो. खोटं कशाला सांगू?

सुनील : नाना... आई, तू खाली बस बरं.

जया : मला काय धाड भरली? देवापुढचा दिवा आन. पेटता आन. आन् ती बादली घे.

सुनील : आता कशाला? हा बघ, सोडला दोर. न्हाई उतरत मी.

जया : आन म्हनले ना! आन् भावजी, दिवा तुमी सोडायचा. माझ्या डोळ्यांदेखत.

(सुनील दिवा आणतो. सहादेव तो बादलीत ठेवून दोराने पेवात सोडू लागतो. तिघे वाकून पाहतात.)

सुनील : एक हात... दोन... हाय अजून... नाना, गेला.

सहादेव : व्हय.

सुनील : निम्म्यात बी पोचला न्हाई. आन् मोबाईल बघा, अजून तळ दावतोय. मी आता तिथं...

जया : गप. भावजी, ते काय बोलले शेवटाला?

सहादेव : नका इचारू, वहिनी.

जया : सांगा.

सहादेव : म्हनला, सहादू, डोळ्यावर नको धरू, बाजूला धर. मी बॅटरी जरा बाजूला केली. परत फिरवली तवर दादा खाली बसला हुता. हाक मारली तर वर बघितलं न्हाई त्यानं. मला बोला, वहिनी. मारा. कायबी करा.

जया : तुमाला काय बोलू? पितरपाटात दर साली त्यांचं पान वाढते मी. खीर, वडं, समदं करते. आन् पान ठिवताना मनात म्हनते, जरा दम धरला असता तर पोराला बाप मिळाला असता. अठ्ठावीस वर्सं, भावजी. त्यांचं पान मी रागानंच वाढलं.