आबांच्या उजव्या कानाशी

माझं नाव बसवराज, पण बसू म्हणल्याबिगर हितं कोण ओळखत न्हाय. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या तोंडाशी माझं पंक्चरचं दुकान होतं, चादरीच्या कारखान्यातली माणसं सायकलीवर जायची, त्यामुळं कुणाचं नाव काय, कुणाची पोरगी कुटं दिली, सगळं मला तोंडपाठ, आणि आबा पहिल्यांदा आमदारकीला उभं ऱ्हायले तवा त्यांची जीप माझ्याच दारात पंक्चर झाली की. चाक खोलता खोलता मी येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाका मारतोय ते बघून आबा म्हणले, दुकान भावाकडं दे, चल माझ्यासंगं.

तवापासनं सहा वेळा आमदार झाले आबा, आणि सहाही वेळा मी त्यांच्या उजव्या कानाशी. माणूस समोर आला की हळूच सांगायचं, हा मल्लिनाथ, आई दवाखान्यात हाय, की आबा लगेच, काय मल्लिनाथ, आईला बरं हाय का आता? माणूस चाटच पडायचा! आबांच्या ध्यानात सगळं ऱ्हातंय म्हणायची लोकं, मी गप हसायचो. खोटं कशाला बोलू, लई भारी वाटायचं. आणि आबा नुसतं विचारून सोडायचे न्हाईत, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन जायचाच.

मग काय सांगू तुमाला, शुगरनं माझं डोळं गेलं. आधी पुसट, मग नुसत्या सावल्या. कुणाला बोललो न्हाय, आबांनी घरी बस म्हणलं तर मी जायचं कुटं? आवाजावरनं ओळखून ढकलत होतो. आणि एक दिवस आबांचा जुना कार्यकर्ता शिवप्पा वारला म्हणून आमी त्याच्या घरी गेलो, दारात त्याचा धाकटा भाऊ या आबा म्हणला, आवाज डिट्टो थोरल्याचा, सवयीनं माझ्या तोंडातनं शिवप्पाच गेलं, आणि आबा बी सवयीनंच म्हणले, काय शिवप्पा, तब्येत बरी हाय न्हवं? आबांनी त्या भावाला हात जोडले.

गाडीत बसल्यावर मी रडलो, म्हणलं आबा, मला दिसत न्हाय. आबा म्हणले, वरीस झालं मला ठावं हाय गाढवा, पायरी चाचपत उतरतोस की. तू कवा सांगतोस बघत होतो. मी म्हणलं, मग माझं ऐकलं कशाला? तर म्हणले, तुझंच ऐकत आलोय न्हवं आजवर.

पुढच्या इलेक्शनला आबा उभं ऱ्हायले न्हाईत. आता रोज सकाळी त्यांच्या व्हरांड्यात आमच्या दोन खुर्च्या असत्यात. अजून माणसं येत्यात. फाटक वाजलं की आबा माझ्या कानाशी वाकत्यात, बसू, मल्लिनाथ आलाय, आई गेली रं त्याची. मग मी हाक मारतो, ये मल्लिनाथ, लई वाईट झालं बघ आईचं. लोकं म्हणत्यात बसूला दिसाय लागलं वाटतं. आबा गप हसत्यात. देव माझं उरलेलं आयुष्य त्यांना देवो.