तुळजाचं बूच

दत्तू : नारळ ठेव खाली.

अनंता : ठेवू कसा? गाडी बंद पडली ना. चेडोबाला नारळ फोडला का दहा मिंटात चालू व्हते. महिना झाला, एकदा बी चुकलं न्हाय.

दत्तू : तीनदा कार्बोरेटर खोलला मी. पंप बघितला, पॉइंट घासले, प्लग बदलले. गॅरेजात दोन तास एका दमात चालली. म्हणून आज दुकान बंद करून तुझ्या शेजारी बसून आलो, तर तू मला नारळ दाखवतोस.

अनंता : भिवंडीच्या नाक्यावरनं निघालो, आन बरोबर चेडोबाच्या दगडापाशी बंद पडली. दापोड्याच्या अलीकडं. दर डाव इथंच. आता तूच सांग, कार्बोरेटरला दगड दिसतो का?

दत्तू : आणि दगडाला गाडी दिसते?

अनंता : देवाला समदं दिसतं.

दत्तू : मग त्याला हेही दिसत असेल की ही लिलावातली मिलिटरी पिकप आहे आणि वयानं तुझ्यामाझ्याहून मोठी आहे. मला नको सांगू चेडोबाचं, मी जयभीमवाला. माझ्या हातात पाना, तुझ्या हातात नारळ. आधी पाना.

अनंता : पान्यानं तीन डाव काय केलं?

दत्तू : तेच तर झोंबलंय मला. उगाच नाही आलो.

अनंता : तुला झोंबलंय, माझा संसार अडलाय. आज ही वळ गावाला पोचली न्हाय तर तुळजा घरला येनार न्हाय. बारा दिस झाले, माहेरी बसलीय.

दत्तू : वहिनी गाडीवर रुसली की तुझ्यावर?

अनंता : दोघांवर. लडकूच्या पोराचं बारसं व्हतं, तिच्या भावाच्या. थोरली आत्या ती. पोराच्या कानात नाव आत्यानं सांगायचं. नवं लुगडं नेसून बसली गाडीत, आन ही इथं मेली. मी नारळ फोडत बसलो, ती लुगडं खोचून मागनं ढकलत राह्यली. पोचलो तवा पाळना हलून थांबला व्हता. धाकट्या बहिनीनं, गोदूनं, नाव ठेवलं.

दत्तू : मग? भांडली?

अनंता : भांडली असती तर बरं झालं असतं. जेवली, समद्यांची भांडी घासली, आन मला म्हनाली, तुमची गाडी ज्या दिवशी मधी कुठं न थांबता माझ्या बापाच्या अंगनात येईल, त्या दिवशी बसेन तिच्यात.

दत्तू : चालत जायचं आणायला. बायकोला आणायला गाडीच कशाला पाहिजे?

अनंता : गेलो व्हतो चालत. म्हनाली, गाडी कुठाय?

दत्तू : बरोबर आहे तिचं. टाकीत बुडवायला काटकी दे एखादी. टाकीत पेट्रोल किती आहे बघू.

अनंता : आत्ताच नाक्यावर भरलं, तू आत बसला व्हतास तवा.

दत्तू : तरी बघू. आणि टाकीच्या तोंडात हे काय कोंबलंयस?

अनंता : बूच. मागल्या महिन्यात झाकन चोरीला गेलं, तवा तुळजानं केलं. लाकूड तासलं, त्यावर सायकलची ट्यूब तानून बसवली, वरनं जाड कापड शिवलं. पेट्रोल केवढं महाग झालंय, एक थेंब उडाला न्हाय पायजे म्हनाली.

दत्तू : टाके बघ. गोधडीला पण कुणी एवढे घालत नाही. निघत का नाही रे हे?

अनंता : पीळ देऊन वढ. भरताना मी बी दोन्ही हात लावतो.

दत्तू : थांब. बोलू नको. ऐकलंस?

अनंता : काय?

दत्तू : सूं करून वारा आत गेला. तू टाकी अशीच उघडी राहू दे, आत बस आणि स्टार्टर मार.

अनंता : नारळ अजून फोडला न्हाय मी.

दत्तू : मार म्हणतो ना.

अनंता : आयला. लागली की.

दत्तू : लागणारच. वाणी तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतो?

अनंता : एकानं तेल येत न्हाय म्हनून. दुसऱ्यातनं हवा जाते.

दत्तू : हां. वहिनींनी बूच इतकं घट्ट केलंय की टाकीत हवाच जात नाही. पंप पेट्रोल ओढत राहतो, जड जातं, शेवटी हात टेकतो. दर वेळी नाक्यावर भरताना तू बूच काढतोस, हवा आत जाते, तिथून ही मजल हिशेबानं इथंच संपते. तू नारळ फोडून, खोबरं वाटून येईपर्यंत थोडी हवा झिरपते आणि गाडी चालू.

अनंता : आन तुझ्या गॅरेजात दोन तास चालली ती?

दत्तू : तिथं मी बाटलीत पेट्रोल भरून वर टांगतो आणि नळी सरळ कार्बोरेटरला देतो. सगळे मेकॅनिक तसंच करतात. टाकीकडे बघितलंच नाही. हस आता, तुझी पाळी आहे.

अनंता : हसू येत न्हाय रे.

दत्तू : का? बिघाड सापडला. बुचाला एक बारीक भोक पाडलं की संपलं.

अनंता : तिला काय सांगू? तुझ्याच बुचानं तुझं बारसं चुकवलं म्हनू? दोन रात्री बसून केलंय तिनं ते, बोटाला सुई टोचवून.

दत्तू : सांग, दत्तूनं कार्बोरेटरात चुकीचं जेट बसवलं होतं. वहिनी चार शिव्या देतील, मी खाईन.

अनंता : तू खोटं बोलशील?

दत्तू : गॅरेज चालवतो मी, अनंता.

अनंता : बारीक पाड मग. टाका तुटता कामा नये.

दत्तू : दोन टाक्यांच्या मधून खिळा घालतो. बस?

अनंता : बस. तवर मी चेडोबाची माफी मागून येतो. महिनाभर बिचाऱ्यावर आळ घेतला. एवढा नारळ फोडतो.

दत्तू : फोड, पण इंजिन चालू ठेवून. झालं हे. चल, मी हाकतो, वळ गाव आता हाकेच्या अंतरावर.

अनंता : वळला न्हाय जायचं. मागं फिरव. भिवंडीला.

दत्तू : डोकं फिरलं का? पुढं आलोय आपण.

अनंता : इथं थांबलो ना. न थांबता यायचं ठरलंय. नाक्यावरनं परत निघायचं.

(वळ. तुळजाच्या माहेरचं अंगण. गाडी चालूच आहे.)

तुळजा : कुठं कुठं थांबली?

अनंता : कुठं न्हाय. नाक्यावरनं थेट इथं.

तुळजा : दत्तूभाऊ, तुमी सांगा.

दत्तू : खरंच नाही थांबली, वहिनी. चेडोबाच्या दगडापाशी अनंता डोळे मिटून बसला होता, तरी नाही थांबली.

तुळजा : डोळे मिटून गाडी हाकली?

दत्तू : हाकत मी होतो.

तुळजा : आन बिघाड काय निघाला?

दत्तू : जेट. माझ्या हातून चुकीचं बसलं होतं. सगळी चूक माझी, काय बोलायचं ते मला बोला.

तुळजा : चूक तुमची, आन मान यांची खाली?

अनंता : कुठं खाली? पायाला काटा लागलाय.

तुळजा : बाजूला व्हा जरा. टाकीला का पाठ लावून उभं राह्यलाय? बुचाला भोक कुनी पाडलं?

दत्तू : वहिनी, ते असंच पडलं, लाकूड सुकलं की...

तुळजा : दोन टाक्यांच्या बरोबर मधी? एक बी टाका तुटला न्हाय. असंच पडलेलं भोक एवढं जपून पडत न्हाय, दत्तूभाऊ.

अनंता : टाकीला हवा लागते म्हनं.

तुळजा : म्हंजे माझ्या बुचानं बंद पडत व्हती.

अनंता : बूच चांगलंच व्हतं. लईच चांगलं व्हतं, म्हनून.

तुळजा : आन बारशाला उशीर झाला तो बी...

अनंता : तो माझ्यानं झाला. नारळ फोडत बसलो. तवाच बूच उघडून बघितलं असतं तर पाळन्याआधी पोचलो असतो.

तुळजा : बारा दिस मी तुमाला बोल लावला. आईसमोर, लडकूसमोर.

अनंता : मला सवय हाय.

तुळजा : हे तुमी मला कधी सांगनार व्हता?

अनंता : सांगनारच नव्हतो.

तुळजा : कधीच न्हाय?

अनंता : जमलं तर न्हाय. मला एवढं सांग, पोराचं नाव काय ठेवनार व्हतीस?

तुळजा : आता कशाला? एक ठेवलंय गोदूनं.

अनंता : माझ्या कानात सांग. कुनाच्या तरी कानात पडाया पायजे.

तुळजा : हितं न्हाय. घरला गेल्यावर सांगते.

दत्तू : वहिनी, पेट्रोल जळतंय. इंजिन बंद करू का?

तुळजा : ऱ्हाऊ द्या चालू. आईला सांगून येते.