बदाम यायचा थांबला

चंपा : न्हाई, बसायला न्हाई आले मी. तुजी आई कुटंय, तेवडं सांग.

मानसी : मोठीआई, अगं घरात तरी ये. इतक्या वर्षांनी आलीस आणि दारातूनच बोलणार?

चंपा : घराचं राहू दे. बरी हाय का ती?

मानसी : तुला काय करायचंय गं? बाजारात भेटलीस की माझ्याशी बोलतेस, आणि आई दिसली की पिशवी उचलून चालायला लागतेस. सख्ख्या जावा तुम्ही!

चंपा : लय तोंड सुटलंय पोरी तुजं. कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय? … बदाम आला न्हाई, म्हणून आले.

मानसी : कसला बदाम?

चंपा : गेममधला! तूच घालून दिलतास की आमा दोघींच्या मोबाईलात, शाळेत हुतीस तवा. तो फळांचा. तीन पेरू एका रांगेत आणलं की फुटत्यात, तो. चान्स संपलं की जोडीदारीण लाल बदाम पाठवती, पत्त्यात असतो तसला, मग पुन्ना खेळता येतंय. माज्या यादीत दुसरं हाय कोण? तुजी आईच.

मानसी : थांब, थांब. म्हणजे तुमचा अबोला चालू आणि आईचा तो रोजचा बदाम तुलाच यायचा?

चंपा : बोलायचं न्हाई म्हणलं हुतं. खेळायचं न्हाई असं कोण म्हणलं? रोज च्या उकळेपातूर तिचा बदाम आलेला असायचा. आता लय दिस झालं, न्हाई. आदी म्हणलं रेंज नसंल, धरणाकडं हाय कुटं रेंज. मग म्हणलं तुमच्या त्या कॅम्पिंगच्या तंबूत शहरातलं पावणं असतील, सवड नसंल. मग माजं डोस्कंच चालंना बघ. कामात हात लागंना.

सविता : मानसी, कोण आलंय गं?

(सविता बाहेर येते. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.)

चंपा : आगं बया! हे काय करून घेतलंस?

सविता : तंबूचा खुटा उपटायला गेले. खुटा हितंच, मी तितं. मनगट मोडलं.

चंपा : आन् मला कुणी सांगू नये?

सविता : कोण सांगणार? सगळ्या गावाला म्हाईत हाय, ह्या घरचं त्या घरात न्यायचं न्हाई. भावजी येऊन गेले की बघायला. केळी घेऊन आलते.

चंपा : आमचे हे? हितं आलते? घरात एक शब्द काढला न्हाई!

मानसी : मीच म्हटलं, मोठीआईला सांगा. तर म्हणाले, ‘त्या घरातलं माझ्या कानावर घालायचं नाही, असा हुकूम आहे तिचा.’

चंपा : बघतेच त्यांच्याकडं घरी गेल्यावर. धरणाकडच्या जमिनीच्या पट्टीपायी भांडले कोण? दोघं भाऊ. आता चौकात मांडीला मांडी लावून च्या पित्यात. आन् अबोला धरून बसलोय आपुन दोघी, येड्यावानी!

सविता : बसा, आक्का.

चंपा : बसते. … लय दुखतंय का?

सविता : दुखण्याचं काय न्हाई. गेम लय आठवतोय.

चंपा : गप गं!

सविता : खरंच. डाव्या हातानं पेरू ओढायला गेलं की कलिंगड सरकतंय. मानसीनं दुसरा घालून दिला, सोपा म्हणून. दोन उड्या मारल्या की जाहिरात. आन् जाहिरात कशाची, तर तिसऱ्याच गेमची.

चंपा : आमच्या गौरवनं मला बंदुकीचा दिला. सुरू हुतोय न हुतोय तवर मला मारलं की कुणीतरी! कोण मारलं, का मारलं, काय पत्ता न्हाई. आपला जुनाच बरा बाई. कितीबी येळा खेळा, तेच पेरू, तेच कलिंगड. कुणी कुणाच्या अंगावर येत न्हाई.

मानसी : पण तू तर शेवटपर्यंत पोचली होतीस ना? आई गेममधला नकाशा दाखवायची मला, ‘बघ आक्का कुठं गेल्या.’ हल्ली तुझा फोटो एकदम खाली दिसतो.

चंपा : पुढचं यायचंच बंद झालं. गौरव म्हणला, जुना झाला गेम, नवीन काय काढत न्हाईत आता. म्हणलं मग पयल्यापासून खेळू. तर काय सांगू, ज्या डावात मी पावसाळाभर अडकून पडले हुते, तो आता हसत हसत सुटला. तवा घाई करायची मी. समोर दिसतंय ते आदी फोडायची. आता जरा थांबते, बघते, मग बोट लावते. पयल्यापेक्षा दुसऱ्यांदाच जास्त मजा येती बघ.

सविता : आक्का, लय दिस मनात हाय, आज बोलते. ह्यांच्या छातीत दुखलं आन् तळेगावला दवाखान्यात ठेवलं, तवा मी भायेर बाकावर बसले हुते. ज्याचा त्याचा फोन. कसं झालं, काय खाल्लं हुतं, आदी का न्हाई दाखवलं. उत्तरं देऊन देऊन थकले. तेवड्यात तुमचा बदाम आला. त्यात इचारायचं काय नव्हतं. मग तितंच बसून फळं फोडली. लोकं बघत हुती, नवरा आत आन् बाई गेम खेळती. खेळू दे म्हणलं. त्या दिशी मी टिकले ती तुमच्यामुळं. लय उपकार झाले तुमचे.

चंपा : उपकार कसले गं! मला यायचंच हुतं. फाट्यापातूर आलते, जीपमदी जागा बी हुती. पण आदी कोण बोलणार, ह्या इचारानं पाय उचलला न्हाई. मग फाट्यावरनंच पाठवला. … आन् माजी आय गेली तवा तू पाठवत न्हवतीस व्हय? खेळायला मन न्हवतं माजं, तरी रोज मोबाईल उघडून बघायची, आला का. आला की बरं वाटायचं. लय आधार झाला तुजा. कदी म्हणले न्हाई, आज म्हणते.

मानसी : आई, पण मी म्हटलं होतं ना तुला? हात मोडलाय तर बदाम मी पाठवते, एक बटण तर दाबायचं. तूच नको म्हणालीस.

चंपा : नको म्हणली?

सविता : मानसी, तू आत जा बघू.

चंपा : ती कुटं जात न्हाई. का नको म्हणलीस गं?

सविता : … म्हणलं, बघू तरी. बदाम न्हाई गेला, तर आक्का येत्यात का.

चंपा : आगं सटवे! डोळ्याला डोळा न्हाई लागला माज्या! वाटंत म्हसोबाला नारळ बोलून आले मी!

सविता : पर आलात न्हवं.

मानसी : मोठीआई, अगं रडतेस काय?

चंपा : रडू नको तर काय करू? ही बाई मेली का जगली, ह्या घोरात चालत आले मी, आन् ही माजी परीक्षा घेत बसली! … आन् ओसरीच्या चुलीपाशी हे पीठ असं परातीत का पडलंय?

सविता : संध्याकाळी पुण्याचा ग्रुप हाय. पिठलं-भाकरी सांगितलीय. शेजारची पिंकी यायची हुती थापायला, तिच्या घरी पावणं आले. मानसीची भाकरी तव्यावर जायच्या आदी तुटती. बुकिंग कॅन्सल करावं म्हणते.

चंपा : कॅन्सल कशाला? मी बसलेय की हितं. सरक तिकडं. मानसी, तवा टाक.

सविता : जरा पातळ थापा, आक्का. गेस्टना जाड आवडत न्हाई.

चंपा : ह्या घरात आलीस तवा तुला भाकरी कुणी शिकवली?

सविता : तुमीच.

चंपा : मग? … पलास्टर निघंस्तोवर भाकऱ्या माज्याकडं. उद्याबी येते.

सविता : आन् निघाल्यावर?

चंपा : निघाल्यावर काय? तुजा हात चालू झाला की माजं हितं काय काम?

सविता : मग उगंच या.