मुकं गवत

धाकटी : 'गाडीकडे बघू नकोस रे, गाडीच्या पुढे बघ!' आठवतं, दादा? बाबा याच मचाणावरून ओरडायचे. घसा पार बसलेला असायचा, पण हाक त्या कुंपणाला आपटून परत यायची. तू एवढासा, गळ्यात रिमोट अडकवलेला, आणि डोळ्यांत पाणी.

थोरला : आज बाबांना कशाला उठवतेस?

धाकटी : तूच सकाळपासून उठवतोयस. 'बाबांची माती, बाबांची माती.' अरे, त्यांच्याकडे मातीशिवाय दुसरं होतं काय? आज असते तर त्यांनीच या टर्फवाल्यांना, या प्लास्टिकच्या गवतवाल्यांना, बोलावून आणलं असतं.

टर्फवाला : ऐका ताईंचं, साहेब. मी शाळांची मैदानं केली, गच्च्या केल्या, एका दातांच्या डॉक्टरांचा जिनासुद्धा हिरवा केला. रिमोटच्या गाड्यांची शर्यत पहिल्यांदाच करतोय, पण गाडी ती शेवटी गाडी.

थोरला : शेवटी गाडी नसते ती. मातीवरची वेगळी, गवतावरची वेगळी.

टर्फवाला : ते कसं काय?

थोरला : माती सकाळी ओलसर असते, गाडीला धरून ठेवते. ऊन चढलं की सोडते. दुपारपर्यंत चाकांची वाट पडते. त्या वाटेवर राहिलात तर तरलात, हातभर बाहेर गेलात तर घसरलात. संध्याकाळी उड्यांसाठी केलेल्या उंचवट्यांच्या पायथ्याशी खड्डे पडतात. एका दिवसात चार मैदानं होतात तिची. तुमचं गवत सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

टर्फवाला : अहो, हीच तर खुबी आहे! पाणी मारायला नको, रोलर फिरवायला नको. पाऊस पडला तरी घटकाभरात निथळून मोकळं. आणि धूळ म्हणाल तर औषधालासुद्धा सापडायची नाही.

धाकटी : हे म्हणा. पुन्हा एकदा म्हणा, त्याला ऐकू दे.

टर्फवाला : कोणाला धुळीचा त्रास आहे का घरात?

धाकटी : माझ्या नवऱ्याला झाला. मागच्या शर्यतीत तो त्या लांबच्या वळणावर उभा होता. उलटलेल्या गाड्या सरळ करायला तिथे एक माणूस लागतोच. बाबा त्याला 'उचल्या' म्हणायचे, चारचौघांत आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तर तो एक गाडी उचलायला वाकला, आणि दादाची गाडी भरधाव येऊन त्याच्या घोट्यावर.

टर्फवाला : खेळण्यातल्या गाडीने हाड मोडतं?

धाकटी : उचलून बघा ती गाडी. विटेसारखी जड आहे. हाडाचे तुकडे झालेत. सळी घातलीय आत. त्याचं केस कापायचं दुकान आहे हो, दिवसभर उभ्याचं काम. गिऱ्हाइकाला खाली बसवायचं आणि आपणही बसून कापायचं, असं कुठे असतं?

टर्फवाला : अरेरे.

धाकटी : दादा म्हणाला, धुळीत दिसलाच नाही. म्हटलं, ठीक आहे. धुळीने घात केला ना? मग धूळच घालवू. म्हणून तुम्हाला बोलावलं. आणि आता हाच आडवा येतोय.

थोरला : मी धुळीची बाजू घेत नाहीये.

धाकटी : मग कोणाची घेतोयस?

टर्फवाला : भांडू नका, मोजून तर घेऊ. साहेब, टेपचं हे टोक धरा. इकडे. इकडे, साहेब, माझा हात इथे आहे. पडलं बघा खाली. राहू दे, मीच दगड ठेवतो त्याच्यावर.

धाकटी : लक्ष कुठे आहे तुझं?

थोरला : ऊन डोळ्यांवर येतंय.

टर्फवाला : एक करू या का? नमुन्याची लांब पट्टी आणलीय मी. ही बघा, अंथरली. हिच्यावर एकदा गाडी चालवून बघा, मग काय त्या शिव्या घाला.

थोरला : उगाच कशाला.

धाकटी : चालव ना. माझ्यासाठी. मातीवरून घे आणि पट्टीवर आण.

(गाडी मातीवरून खरखरत येते, गवतावर चढते आणि तिचा आवाज विझतो. मग धाडकन आपटल्याचा आवाज.)

टर्फवाला : अहो, माझी पिशवी! डबा होता आत.

धाकटी : दादा, चांगली लालभडक पिशवी आहे ती!

थोरला : पकड जास्त आहे या गवताची. वळवली की गाडी कोलांटी खाते. सांगत होतो मी.

टर्फवाला : कोलांटी कुठे खाल्ली? वळलीच नाही ती, सरळ आली. जाऊ दे, डबा चेपलाय नुसता, झाकण शाबूत आहे. ताई, मी जातो. तुमचं ठरलं की फोन करा. गवताला घाई नाही, ते वाळत नाही.

धाकटी : बिचारा. हसत गेला, पण मनात म्हणत असेल, कुठल्या वेड्यांच्या घरी आलो.

थोरला : म्हणू दे.

धाकटी : आता कोणी परकं नाही इथे. खरं सांग, काय अडलंय?

थोरला : ते गवत मुकं आहे, मिरे.

धाकटी : म्हणजे?

थोरला : माती बोलते. कोरडी असली की कुरकुरते, ओली असली की चपचप करते. उडीवरून गाडी खाली आली की पोटाला खडा लागून टिणकन वाजतो. त्या लांबच्या वळणावर बारीक रेती आहे, तिथे चाकं फुसफुसतात, चुलीवरचं दूध वर येताना करतं ना, तसं. डोळे मिटून सांगेन गाडी कुठे आहे ते. गवतावर गेली की गेलीच. विहिरीत टाकल्यासारखी.

धाकटी : किती गोड बोलतोस रे. बाबांनंतर असं कोणी बोललं नाही या मातीबद्दल. पण दादा, घरी माझा माणूस भिंत धरून मोरीपर्यंत जातो. रात्री उशीत तोंड खुपसून कण्हतो, मला कळू नये म्हणून. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही त्याच्या तोंडी. 'दादांचा काय दोष, धुरळाच तेवढा होता,' म्हणतो. कोणी विचारलं की हेच.

थोरला : असं म्हणतात मेहुणे?

धाकटी : खरं तर त्याला आठवतसुद्धा नाही. तू सांगितलंस, त्याने मानलं.

थोरला : मिरे, माती राहू दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?

धाकटी : नाही. तेच तर. मागितलं असतंस तर सोपं गेलं असतं मला. आई गेल्यावर माझी वेणी तूच घालायचास, वाकडी घालायचास, आणि शाळेत मी सांगायचे की ही नवी पद्धत आहे.

थोरला : मग?

धाकटी : मग काय. राहू दे माती. फोन करून सांगते त्याला. वर चेपलेल्या डब्याबद्दल नवा डबा घेऊन देते.

थोरला : मिरे.

धाकटी : आता हुंदके देऊ नकोस. एक मात्र आहे. रविवारी शर्यत आहे, वळणावर माणूस लागणार. कोणी तयार नाही, सगळे घाबरलेत. तेव्हा मीच उभी राहीन.

थोरला : तू नाही.

धाकटी : मग कोण? आता दुसऱ्या कोणाचा नवरा आणू? माझ्या भावाच्या मातीवर दुसऱ्याचं लेकरू उभं करायचं आणि मी सावलीत बसून फेऱ्या मोजायच्या?

थोरला : वळण रिकामं ठेवू.

धाकटी : उलटलेल्या गाड्या काय आपोआप उठतील? थांब, जाऊन बघते किती जागा आहे तिथे.

थोरला : मिरे, नको जाऊस. मागे फिर... मी यंदा चालवतच नाही.

धाकटी : तू चालवणार नसशील तर माती कोणासाठी ठेवली मी? आले बघ वळणावर. हं, इथेच वाकला होता तो. इथून मचाण किती स्वच्छ दिसतं रे! तुझ्या शर्टाचं लोंबणारं बटणसुद्धा दिसतंय.

थोरला : परत ये.

धाकटी : वारा नाही, धूळ नाही. मी दिसतेय ना नीट? जरा बाजूला सरकू का? हात वर केलाय बघ.

थोरला : बोलत राहा.

धाकटी : काय?

थोरला : गप्प होऊ नकोस. बोलत राहा, म्हणजे कळेल कुठे आहेस.

धाकटी : दादा, तू भलतीकडेच बघतोयस.

थोरला : त्या दिवशीही धूळ नव्हती, मिरे. मेहुणे लख्ख उन्हात उभे होते आणि मला दिसले नाहीत. तूही दिसत नाहीस.