दोघांत एक केबल

केबल ऑफिसच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याच्या काखेत मॉडेम होता.

“मॉडेमच भिकार आहे. सिग्नल सारखा पडतो.”

“मागचा बदलून आणलात तेव्हाही हेच म्हणालात.”

“मग कंपनीच भिकार.”

“दुरुस्तीला आलेला माणूस काय सांगून गेला? ज्या डबीतून केबल दोन्ही घरांत फुटते, तिला गंज चढलाय. ती बदला म्हणाला.”

“डबी दादाच्या स्वयंपाकघरात आहे.”

“म्हणजे भिंतीपलीकडे. परदेशात नाही.”

“त्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही.”

“नका ठेवू. पोरीची नोकरीची मुलाखत काल मध्येच तुटली. तिला सांगा, नोकरी गेली तर गेली, बाबांचं नाक वर आहे.”

“दादाने स्वतः येऊन म्हणावं, डबी बदलू या.”

“ते बरे म्हणतील. तुमचेच सख्खे भाऊ ना? मागे बघा, तेही मॉडेम घेऊन रांगेत उभे आहेत.”

नवरा वळला नाही. माझ्या मागच्या गृहस्थांनी माझ्या खांद्याला बोट लावलं.

“त्याला सांगा, रांग पुढे सरकली.”