बिननावाची कोंबडी

आयोवातल्या जनावरांच्या दवाखान्यात लॉर्ना मांजर मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी खोकं सांभाळत एक म्हातारा. नावं लिहून घेणारी मुलगी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“आजोबा, नाव?”

“व्हर्लिन.”

“तुमचं नाही हो, कोंबडीचं.”

“नाव नाही. नाव ठेवलं की कापता येत नाही, पोरी. आमच्याकडे कुणी ठेवलंच नाही.”

“म्हणजे हिला कापायचंय?”

“अंडी बंद झालीत. शेजारी म्हणतो, सूप कर.”

“मग इथं कशाला आणलीत?”

“खोकते.”

“आजोबा!”

“बायको गेल्यापासून संध्याकाळी दारात हीच उभी असते.”

“मग सांगा ना काहीतरी. आत हाक कशी मारू?”

म्हाताऱ्याने खोक्यात वाकून बघितलं.

“मेबल.”

“किती छान!”

“छान काय! गेलं ना सूप.”